वरच्या-खालच्या दातांची मधली रेघ जुळत नाही: सोलापुरात मिळणाऱ्या उपचारांचं परीक्षण

सोलापुरात दातांना तारा लावायला गेलं की पहिला प्रश्न येतो, मेटल हवं, सिरॅमिक हवं की अलायनर, म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक ट्रे? चावा एका बाजूला सरकलेला असेल तर हा प्रश्न चौथा-पाचवा असायला हवा. पहिला प्रश्न असा, की सरकलंय नेमकं काय? वरचे दात, खालचे दात, जबडा मिटण्याची वाट, की जबड्याचं हाड? चारही प्रकारांत आरशात दिसतं ते सारखंच. वरच्या पुढच्या दोन दातांमधली रेघ आणि खालची रेघ समोरासमोर येत नाही. उपचार मात्र चौघांचे वेगळे. दार चौकटीला घासत असेल तर रंधा मारण्याआधी बिजागरी बघतात, तसंच हे. म्हणून इथे ब्रॅकेटच्या (तार धरायला दातावर चिकटवलेल्या तुकड्याच्या) ब्रँडला कमी जागा दिली आहे आणि पहिल्या तपासणीला जास्त.

चांगली पहिली तपासणी खुर्चीत बसवून ‘आ करा’ एवढ्यावर संपत नाही. डॉक्टर समोर उभे राहतात, दोन भुवयांच्या मधून हनुवटीपर्यंत फ्लॉसचा दोरा धरतात आणि तीन गोष्टी वेगवेगळ्या मोजतात. वरची रेघ चेहऱ्याच्या मध्यापासून किती मिलिमीटर, खालची रेघ हनुवटीच्या मध्यापासून किती, आणि हनुवटी स्वतः चेहऱ्याच्या मध्यावर आहे का. ‘मिडलाइन 3 मिमी ऑफ’ एवढंच कागदावर लिहिलं असेल तर ती नोंद अर्धवट आहे. वरची 3 मिमी उजवीकडे आणि खालची जागेवर, हा एक रुग्ण. वरची जागेवर आणि खालची 3 मिमी डावीकडे, हा दुसरा. नोंद दोघांची सारखी, पण एकाचा उपचार दुसऱ्याला केला तर दोन्ही रेघा चेहऱ्याच्या मध्यापासून सरकलेल्या जागी जुळतील. तसं झालेलं तोंड दातांपुरतं छान दिसतं. फोटोत नाक आणि दात एकत्र आले की खटकतं.

त्यानंतर उघडझापीची चाचणी. तोंड मोठं उघडायचं आणि अगदी सावकाश मिटायचं. दात पहिल्यांदा टेकतात तिथे थांबायचं, मग पूर्ण चावायचं. तोंड उघडं असताना रेघा जुळतात, पहिल्या स्पर्शालाही जुळतात आणि शेवटच्या एक-दोन मिलिमीटरमध्ये जबडा बाजूला घसरतो, असं असेल तर एखादा दात वाटेत आडवा येतोय. उघडताना, मिटताना, मिटल्यावर फरक तेवढाच राहत असेल तर दोष दातांच्या मांडणीत किंवा हाडात. उघडतानाच जबडा एका बाजूला ओढला जात असेल तर कानापुढच्या सांध्याकडे बघावं लागतं. दोन मिनिटांची, बिनखर्चाची चाचणी आहे. ती न करता कोटेशन देणाऱ्या दवाखान्याला आमच्याकडून पहिल्याच पायरीला वजा गुण.

तिसरी तपासणी आइसक्रीमच्या काडीची. लाकडी चपटी काडी दोन्हीकडच्या दातांत आडवी धरायची आणि ती डोळ्यांच्या बाहुल्यांना समांतर आहे का ते समोरून पाहायचं. एक टोक वर गेलं असेल तर दातांची पातळीच तिरकी आहे, आणि मग वरच्या-खालच्या दातांत रबर ताणून लावून रेघ जुळवण्याच्या नादात ते तिरकेपण आणखी वाढू शकतं.

सोबत दोन प्रश्न विचारले गेले पाहिजेत. लहानपणी दुधाचा सुळा किंवा दाढ एका बाजूची लवकर काढली होती का? काढली असेल तर पुढचे दात रिकाम्या जागेकडे कलतात आणि रेघही त्याच बाजूला जाते. हे फार नेहमीचं कारण आहे. दुसरा प्रश्न, हनुवटीवर पडल्याचा मार आहे का? बालपणी सांध्याजवळ हाड मोडून तसंच जुळलं असेल तर त्या बाजूचा जबडा कमी वाढतो आणि हनुवटी मार लागलेल्या बाजूला वळते. पालक हे आपणहून सांगत नाहीत, कारण दातांचा आणि दहा वर्षांपूर्वी पडल्याचा संबंध कुणाच्या डोक्यात येत नाही.

रेकॉर्डमध्ये चेहऱ्याचे आणि दातांचे फोटो, दोन्ही जबड्यांचं माप किंवा स्कॅन, ओपीजी (सगळे दात एकत्र दाखवणारा एक्स-रे) आणि बाजूने काढलेला सेफालोग्राम (डोक्याचा एक्स-रे) एवढं सगळ्यांना लागतं. हनुवटी सरकलेली असेल तर समोरून काढलेला पीए सेफालोग्रामही हवा. सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा थ्रीडी स्कॅन, प्रत्येकाला नको. ओपीजीवरून ‘उजवा जबडा मोठा, डावा लहान’ असा निकाल कुणी दिला तर जरा थांबा. डोकं मशीनमध्ये थोडं वळलेलं असलं तरी दोन बाजू लहान-मोठ्या दिसतात.

आता एकेक उपचार.

पैशाच्या मानाने सगळ्यात जास्त गुण लहान मुलांच्या टाळू रुंद करण्याच्या उपकरणाला. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या एका बाजूच्या वरच्या दाढा खालच्या दाढांच्या आत बसत असतील तर वाटतं की एकच बाजू बिघडली आहे. बहुतेक वेळा वरचा जबडा दोन्ही बाजूंनी अरुंद असतो. दाढा टोकाला टोक भिडतात आणि नीट चावता यावं म्हणून मूल जबडा एका बाजूला सरकवतं. उघडझापीच्या चाचणीत हे लगेच सापडतं. दुधाच्या सुळ्याचं टोकच नडत असेल तर कधीकधी ते थोडं घासूनही काम भागतं. एरवी बँडवर, म्हणजे दाढेभोवतीच्या धातूच्या कडीवर, बसवलेला एक्स्पान्डर. किल्लीच्या एका पाव फेऱ्याला साधारण पाव मिलिमीटर. जलद पद्धतीत दिवसाला एक किंवा दोन पाव फेरे. दोन-तीन आठवड्यांत वरच्या पुढच्या दातांत फट पडते. ती पडायलाच हवी आणि पुढे आपोआप बरीच मिटते, पण हे आधी सांगितलं नसेल तर घरात गोंधळ उडतो. फेरे थांबल्यावर उपकरण तीन ते सहा महिने तसंच तोंडात ठेवायचं, कारण टाळूच्या मधल्या सांध्यात नवं हाड भरायला तेवढा वेळ लागतो. लगेच काढून टाकलं की रुंदी परत जाते. काढता-घालता येणारी प्लेट स्वस्त पडते, पण ती शाळेच्या दप्तरात जास्त आणि तोंडात कमी असते. शिस्तीचं मूल नसेल तर बसवलेलंच घ्या. पंधरा-सोळाच्या पुढे टाळूचा सांधा घट्ट होत जातो आणि हेच काम अवघड व महाग होतं. ‘सगळे दात येऊ द्या, मग बघू’ हा सल्ला गर्दीच्या दातांना एक वेळ चालेल. सरकणाऱ्या जबड्याला चालत नाही, कारण वर्षानुवर्षं एका बाजूला मिटणारा जबडा पुढे तसाच वाढू शकतो.

मोठ्या मुलांत आणि तरुणांत नेहमी दिसतो तो प्रकार म्हणजे एका बाजूची दाढ बरोबर, दुसऱ्या बाजूची चुकलेली. एडवर्ड अँगल यांनी 1899 मध्ये चाव्याचं वर्गीकरण केलं, त्यात याला क्लास टू सबडिव्हिजन म्हणतात. याचेही दोन पोटप्रकार आहेत. पहिल्यात खालची दाढ एका बाजूला मागे राहिलेली असते आणि खालची रेघ त्याच बाजूला झुकलेली. वरची रेघ जागेवर. दुसऱ्यात वरची दाढ एका बाजूला पुढे सरकलेली असते आणि वरची रेघ विरुद्ध बाजूला ढकललेली. पहिला जास्त आढळतो. दात काढायची वेळ आली तर पहिल्या प्रकारात बऱ्याचदा तीन उपदाढा (सुळा आणि दाढ यांच्या मधले दात) काढतात, वरच्या दोन आणि खालची बरोबर बाजूची एक. दुसऱ्यात कधीकधी वरची चुकलेल्या बाजूची एकच उपदाढ काढून काम होतं. अशा चाव्यात ‘चारही बाजूंची एकेक काढू’ असं ऐकलं तर कारण विचारा. कारण असू शकतं, गर्दी फार असेल तर. पण नुसती सवय म्हणून नको. जागा एकदा दोन्ही बाजूंनी सारखी मिटवली की रेघ हलवायला काही शिल्लक राहत नाही.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त बिघडवली जाणारी वस्तू म्हणजे रबराची पुडी. साधारण शंभर रबरं असतात. पुडीवर दोन आकडे पाहायचे. आतला व्यास इंचांत असतो, 1/8, 3/16, 1/4 किंवा 5/16; ताण औंसांत, 3.5, 4.5 किंवा 6. साडेतीन औंस म्हणजे सुमारे 100 ग्रॅम, सहा औंस म्हणजे 170 ग्रॅम. हा ताण रबर व्यासाच्या तिप्पट ओढल्यावरचा असतो. पाव इंची रबराचा व्यास 6.35 मिमी, म्हणून छापलेला ताण मिळतो साधारण 19 मिमी ओढल्यावर. जास्त लांबच्या हुकाला तेच रबर लावलं की ताणही जास्त. संपलं म्हणून मेडिकलमधून किंवा मैत्रिणीकडून दुसऱ्या मापाची पुडी घेणं इथे नडतं. काही कंपन्या पुडीवर प्राण्यांची चित्रं छापतात. ‘आमचा ससा, तुमचा कोल्हा’ असं मुलं सांगतात, ते माप लक्षात ठेवायला उलट बरं आहे.

सरकलेल्या रेघेसाठी रबरं दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दिशेची असतात. खालची रेघ रुग्णाच्या उजवीकडे गेली असेल तर उजव्या बाजूला वरच्या सुळ्यापासून खालच्या मागच्या दाढेपर्यंत आणि डाव्या बाजूला उलट, खालच्या सुळ्यापासून वरच्या दाढेपर्यंत. उजवीकडचं रबर खालच्या दातांना पुढे आणतं, डावीकडचं मागे नेतं, आणि खालची कमान एकंदर डावीकडे फिरते. यात बाजू चुकली की बिघाड दुपटीने वाढतो. आणि बाजू चुकते. कारण आरशात पाहून लावतात आणि मोबाइलच्या सेल्फीत कधी डावं-उजवं उलटं दिसतं. दवाखान्याने ‘क्लास टू राइट, क्लास थ्री लेफ्ट’ असं इंग्रजीत चिठ्ठीवर लिहून देणं हा सेवेतला दोष आहे. दातांचं चित्र काढून रंगीत रेघांनी दाखवलं पाहिजे आणि निघण्याआधी रुग्णाकडून दोनदा लावून घेतलं पाहिजे. शहराच्या पूर्व भागात घरात तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड. मुलाला रबर लावून देणाऱ्या आजीला चित्रच वाचता येतं.

दिवसाचे वीस ते बावीस तास लावायचं, जेवताना आणि ब्रश करताना काढायचं. लेटेक्सचा ताण पहिल्या तासाभरातच उतरू लागतो आणि चोवीस तासांत पाव ते तिसरा हिस्सा जातो, म्हणून तुटलं नाही तरी रोज बदलायचं. काल विसरलं म्हणून आज दोन-दोन लावायची नाहीत. दात दुप्पट वेगाने सरकत नाहीत, आधाराची दाढ मात्र दुखून हलायला लागते. एका बाजूचं संपलं म्हणून नुसत्या दुसऱ्या बाजूचं चालू ठेवायचं नाही. सोलापूरच्या उन्हाळ्यात पुडी गाडीच्या डिकीत ठेवली की रबर चिवटपणा सोडतं आणि लावताच तुटतं. घरात सावलीत, डबी बंद. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांसाठी बिनलेटेक्सची मिळतात, ती ताण लवकर सोडतात, म्हणून दिवसातून दोन-तीनदा बदलावी लागतात.

रबराचा खरा तोटा पुढे आहे. ते आडवं ओढतं तसं उभंही ओढतं. पातळ, लवचिक तारेवर रबर सुरू केलं तर दात ओढले जाऊन पातळी तिरकी होते. 22 स्लॉटच्या ब्रॅकेटमध्ये (स्लॉट म्हणजे तारेची खाच, आकडे इंचाच्या हजारांशात) 19 गुणिले 25 ची स्टीलची चौकोनी तार बसल्यावरच जोरात रबर लावायचं, हा नियम त्यासाठी. एका सुळ्यापासून समोरच्या जबड्यातल्या दुसऱ्या बाजूच्या सुळ्यापर्यंत पुढून तिरपं जाणारं रबर रेघ झटपट हलवतं, पण हसू तिरकं करण्यातही तेच पहिलं. शेवटच्या एक-दीड मिलिमीटरसाठी, थोड्या आठवड्यांपुरतं ठीक. रबरावर एकूण 2-3 मिमीपर्यंतची तफावत निघते. त्यापुढे नुसती रबरं देत वर्ष काढणं म्हणजे रुग्णाच्या माथी ‘तू लावत नाहीस’ असा ठपका ठेवायची सोय.

तिथे मिनीस्क्रू, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवायचा छोटा स्क्रू. टायटॅनियम मिश्रधातूचा, 1.4 ते 2 मिमी जाडीचा, 6 ते 12 मिमी लांब. भूल देऊन काही मिनिटांत बसतो, दात काढण्यापेक्षा त्रास कमी. फायदा असा की ओढायला दुसऱ्या बाजूच्या दातांचा आधार लागत नाही. फक्त उजवीकडच्या वरच्या दाढा मागे न्यायच्या असतील तर डावी बाजू हलत नाही, आणि मुलाच्या रबर लावण्या-न लावण्यावर सगळं टांगून राहत नाही. शंभरात दहा-पंधरा स्क्रू सैल होतात. सैल झाला तर दुसरीकडे बसवावा लागतो. त्याचे पैसे पुन्हा लागणार का, हे आधीच लिहून घ्या. भोवतीची हिरडी सुजणं हे सैल होण्याचं मोठं कारण, आणि ते रुग्णाच्या ब्रशवर आहे. तंबाखू, मावा चालू ठेवून स्क्रू बसवणं हे पैसे पाण्यात.

अलायनरबद्दल आमचं मत मधलं आहे. प्रत्येक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर हलवतो, ट्रे सात ते चौदा दिवसांनी बदलतो, रोज बावीस तास लावायचा. एका बाजूच्या वरच्या दाढा 3 मिमी मागे न्यायच्या तर नुसत्या शेवटच्या दाढेलाच 12 ट्रे जातात, मग तिच्या पुढची, मग उपदाढा. बऱ्याचदा त्या बाजूची अक्कलदाढ आधी काढावी लागते. हे शक्य आहे, शिस्तीने लावणाऱ्या मोठ्या माणसात चांगलंही होतं. एखाद-दीड मिलिमीटरचा फरक तर एका बाजूच्या दातांच्या कडा प्रत्येक सांध्याला अर्ध्या मिलिमीटरच्या आत घासूनही निघतो.

घोळ आहे तो विक्रीच्या व्हिडिओत. स्क्रीनवर दात हळूहळू सरळ होतात आणि अगदी शेवटच्या चित्रात अख्खा खालचा जबडा टुणकन उडी मारून मध्यावर येतो. ती उडी दातांची हालचाल नव्हे. रबराने, वाढीने किंवा शस्त्रक्रियेने जे व्हायला हवं ते सॉफ्टवेअरने गृहीत धरून दाखवलेलं असतं. व्हिडिओ शेवटून मागे फिरवायला सांगा आणि त्या एका चौकटीवर बोट ठेवून विचारा, हे कशाने होणार? रबरासाठी ट्रेला खाच किंवा दाताला बटण योजनेत आहे का? उत्तर नसेल तर त्या पॅकेजला शून्य गुण. घरी येऊन स्कॅन करणारी आणि नंतर कुरिअरने ट्रे पाठवणारी सेवा सरकलेल्या चाव्यासाठी मुळीच नको; उघडझापीची चाचणी स्कॅनमध्ये येत नाही. स्माइल डायरेक्ट क्लब ही अमेरिकन कंपनी डिसेंबर 2023 मध्ये बंद पडली तेव्हा ग्राहक अर्ध्या ट्रेवर अडकले, हेही ध्यानात असू द्या.

हनुवटी स्पष्ट सरकलेली असेल, किंवा विशीत येऊनही सरकतच असेल, तर दातांच्या उपचाराने चेहरा सरळ होणार नाही. सांध्याची वाढ चालू आहे का ते हाडाच्या स्कॅनने पाहतात, वाढ थांबल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया, आधी आणि नंतर तारा. जो ऑर्थोडॉन्टिस्ट (तारा लावणारा तज्ज्ञ) अशा रुग्णाला ‘हे माझ्या एकट्याचं काम नाही’ म्हणून ओरल सर्जनकडे पाठवतो, त्याला आमचे पूर्ण गुण.

आता ब्रॅकेट. मेटल, सिरॅमिक, सेल्फ-लायगेटिंग (रबरी कडीऐवजी स्वतःच्या झाकणाने तार धरणारे), यांतल्या कशानेही रेघ लवकर जुळत नाही. सिरॅमिक दिसायला बरं. पण त्याची पारदर्शक रबरी कडी हळदीने दोन जेवणांत पिवळी होते, राखाडी घ्या. कडक भाकरी आणि शेंगदाणे पुढच्या दाताने तोडले की ब्रॅकेट निघतो. भाकरी आमटीत कुस्करून मऊ करून खा, शेंगाचटणी कुटलेली असल्याने चालते, फक्त नंतर चूळ आणि ब्रश. एका बाजूचा ब्रॅकेट निघून महिनाभर तसाच राहिला तर त्या बाजूचं रबर बंद, आणि एकांगी चाव्यात बंद पडलेली बाजू म्हणजे मागे गेलेलं काम. महिन्यातून एकदाच बाहेरून ऑर्थोडॉन्टिस्ट येत असेल अशा दवाखान्यात मधल्या दिवसांत ब्रॅकेट कोण चिकटवणार ते विचारा. बार्शी, मोहोळ, पंढरपूरहून एसटीने येणाऱ्यांना हा प्रश्न जास्त लागू. दंत महाविद्यालय केगावला आहे. महाविद्यालयांत सहसा खर्च कमी, बसणं जास्त, शिकाऊ डॉक्टर मधेच बदलू शकतो, पण शिक्षकाची दुसरी नजर मिळते. कुठेही गेलात तरी बीडीएसनंतर ऑर्थोडॉन्टिक्समध्ये तीन वर्षांचं एमडीएस केलेली व्यक्ती तारा बदलते आहे का, की नुसती पाटीवर आहे, हे बघा.

कोटेशनमध्ये दात काढणं, स्क्रू, तुटलेला ब्रॅकेट, शेवटचे रिटेनर (तारा काढल्यावर दात जागेवर धरणारे) हे आत आहेत की बाहेर, ते कागदावर हवं. आणि सोलापूरचा एक कायमचा अनुभव. अकरावीत तारा लावतात, बारावीनंतर मूल पुण्याला जातं, रबर अर्ध्यावर असतं. तेव्हा दवाखान्यातून सुरुवातीचे फोटो, एक्स-रे, मापं किंवा स्कॅनची फाइल, स्लॉट 18 की 22, ब्रॅकेटची पद्धत एमबीटी की रॉथ, आत्ताची तार, रबराचं माप आणि कोणत्या बाजूला कोणत्या दिशेचं, उरलेली फी, एवढं एका पानावर लिहून घ्या. हे पान मागितल्यावर त्याच दिवशी देणारा दवाखाना चांगला. जो ‘पुण्याचे डॉक्टर बघतील की’ म्हणतो, तिथे फी हप्त्यानेच भरा.